घरचा आधार : आहे / नाही



या वेळचं संपादकीय एका फॉर्मबद्दल आहे. मी ज्या सार्वजनिक रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून नोकरी करते, तिथला हा फॉर्म. पक्षाघाताचा रुग्ण घरी जायला निघाला की तो मी भरायचा. नाव, वय, रेशनकार्डाचा रंग, घरात माणसं किती, कमावती किती. आणि शेवटाकडे एक ओळ : 'घरचा आधार : आहे / नाही.' आठ वर्षांत या ओळीतल्या 'आहे'भोवती मी किती वेळा गोल केला असेल, त्याची गणती नाही. खाटेशी एखादी बाई उभी दिसली की 'आहे'. ती बायको की सून, तिची लहान मुलं घरी कोण सांभाळतंय, ती मजुरीला जाते का, हे लिहायला त्या ओळीत जागा नसते. आणि मागे रांग असते.

गेल्या वर्षी माझ्या वडिलांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात-पाय लुळा पडला. आमच्या गावाजवळच्या दुसऱ्या एका रुग्णालयात त्यांना ठेवलं होतं. घरी सोडताना तिथल्या समाजसेविकेनं जवळपास तसाच कागद काढला आणि मी त्याच कामातली म्हणून पेन माझ्याच हातात दिलं. मी 'आहे'भोवती गोल केला. मागे वहिनी उभी होती, हातात औषधांची पिशवी घेऊन. दोन महिन्यांच्या आत तिनं बालवाडीतली नोकरी सोडली. तिला कुणी 'सोड' म्हटलं नाही. 'सोडू नकोस' असंही कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

तीन महिन्यांनी बाबांना तपासायला नेलं तेव्हा डॉक्टर खूष झाले. स्कोअर चारवरून तीनवर आला होता. दादानं ही बातमी सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवली. वहिनी त्या दिवशी घरीच होती, कंबरेला पट्टा बांधून. बाबांना उचलून बसवताना तिच्या कंबरेत भरली होती.

हे घरात घडलं नसतं तर मी हे लिहायला बसले असते की नाही, शंका आहे. आठ वर्षं दुसऱ्या बायकांच्या बाबतीत जे दिसलं नाही ते आपल्या घरात आल्यावर दिसलं, यात मिरवण्यासारखं काही नाही. पण दिसलं आहे तर बोललं पाहिजे. कारण सध्या आमच्या रुग्णालयात पक्षाघाताच्या रुग्णांसाठी वेगळा कक्ष व्हायचं घाटतंय आणि तिथल्या सेवेचा दर्जा कसा मोजायचा, याचा नवा फॉर्म तयार होतोय. त्या बैठकांना मला बोलावतात. मोजपट्टी एकदा छापून आली की पुढची पंधरा-वीस वर्षं तीच चालते, हे आपण रेशनपासून जनगणनेपर्यंत पाहिलेलं आहे.

सेवेचा दर्जा मोजायचा नाद काही वाईट नाही, हे आधी सांगते. आपल्या चळवळीत मोजमाप म्हटलं की नाक मुरडायची सवय आहे, मलाही होती. पण मोजल्यामुळेच काही गोष्टी बदलल्या. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या तीन तासांत दिलं तर अपंगत्व कमी होतं, हे १९९५ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत सिद्ध झालं. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीनंतर ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. मग रुग्णालयं घड्याळ लावू लागली : रुग्ण दारात आल्यापासून सुई टोचेपर्यंत किती मिनिटं गेली? हा आकडा बाहेर दिसू लागला तसा तो कमीही होऊ लागला. इंग्लंडमध्ये तर प्रत्येक रुग्णालयाला पक्षाघाताच्या सेवेबद्दल 'ए' ते 'ई' अशी श्रेणी देऊन ती जाहीर करतात.

आणखी एक अभ्यास मला फार आवडतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स प्रांतातल्या १९ पक्षाघात कक्षांमध्ये तो झाला आणि २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात नवं औषध नव्हतं, नवं यंत्रही नव्हतं. परिचारिकांनी तीन गोष्टी ठरवून, वेळच्या वेळी करायच्या : ताप बघायचा, साखर बघायची, आणि रुग्णाला तोंडानं काही देण्याआधी त्याला गिळता येतंय का ते तपासायचं. ज्या कक्षांत हे झालं तिथे ९० दिवसांनी मेलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण ४२ टक्के होते. जिथे झालं नाही तिथे ५८ टक्के. वॉर्डात नातेवाईक घाईघाईनं चमच्यानं चहा पाजतात, तो फुफ्फुसात जातो आणि मग न्यूमोनिया होतो, हे आमच्या सिस्टर वर्षानुवर्षं ओरडून सांगत आल्यात. त्यांच्या ओरडण्याची किंमत कुणीतरी मोजली म्हणून ती कळली.

तेव्हा मोजा, जरूर मोजा. माझा प्रश्न मोजणारी टेप कुठे सुरू होते आणि कुठे संपते, एवढाच आहे.

ती सुरू होते रुग्णालयाच्या दारात. पण बाई दारापर्यंत केव्हा पोचते? साडेचार तासांचं गणित रुग्णाला शेवटचं धडधाकट पाहिलं त्या वेळेपासून धरतात. पहाटे पाचला उठून चुलीशी गेलेली बाई तिथेच कलंडली आणि सातला घर जागं झालं, तर तिला धडधाकट पाहिलेली वेळ आदल्या रात्रीची ठरते. तिची मुदत मोजायला सुरुवात करण्याआधीच संपलेली असते. त्यानंतर कुणाला तरी वाटायला हवं की हे नुसतं चक्कर येणं नाही. मग गाडी, मग पैसे, मग 'हे शेतावरून आल्यावर बघू'. २००९ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात, बहुतेक श्रीमंत देशांमध्येसुद्धा, हे इंजेक्शन मिळण्याची शक्यता स्त्रियांच्या बाबतीत पुरुषांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होती. पुढच्या दशकात हे अंतर कमी झालं, संपलं नाही.

बाळंतिणींचं तर वेगळंच. आपल्याकडे कितीतरी घरांत अजून बाळंतिणीला पाणी बेतानं देतात. अंगातलं पाणी कमी, त्यात बाळंतपणानंतर रक्ताची गोठण्याकडे ओढ, अशानं मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते. डोकं ठणकतं, फिट येते, हात लुळा पडतो. वीस-बावीस वर्षांची पोर. तिला पक्षाघात असेल हे घरच्यांच्या मनातही येत नाही. आधी अंगारा होतो, मग आमच्याकडे.

आणि जे दारापर्यंत येतच नाहीत त्यांचं काय? गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं ८६ गावांमध्ये २०११ ते २०१३ अशी दोन वर्षं प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. पक्षाघात हे मृत्यूचं सगळ्यांत मोठं कारण निघालं. दर सात मृत्यूंमागे एक. आणि पक्षाघातानं मेलेल्या दर शंभरातले ८७ घरी मेले होते. म्हणजे महाराष्ट्राच्या त्या कोपऱ्यात पक्षाघाताच्या शेवटच्या सेवेचं रुग्णालय म्हणजे घर, आणि तिथली कर्मचारी म्हणजे बायको, सून, मुलगी. या रुग्णालयाला श्रेणी द्यायला कुणी येत नाही.

आता टेपचं दुसरं टोक. बाबांचा जो स्कोअर चारवरून तीनवर आला, त्याला रँकिन मापन म्हणतात. ग्लासगोच्या एका डॉक्टरांनी १९५७ साली ते सुचवलं, पुढे त्यात थोडी सुधारणा झाली, आणि आज जगभर पक्षाघाताच्या उपचारांचं यशापयश बहुतेक वेळा तीन महिन्यांनंतरच्या याच आकड्यावर ठरतं. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. मधल्या पायऱ्या अशा : नेहमीची सगळी कामं करता येतात तो एक. सगळी नाही, पण मदतीशिवाय स्वतःचं स्वतः बघता येतं तो दोन. थोडी मदत लागते पण आधाराशिवाय चालता येतं तो तीन. मदतीशिवाय चालणं आणि देहधर्म जमत नाहीत तो चार. पूर्ण अंथरुणाला खिळलेला तो पाच.

'नेहमीची सगळी कामं' हे शब्द जरा थांबून वाचा. कुणाची नेहमीची कामं? आमच्या ओपीडीत एक निवृत्त कारकून येतात. पेपर वाचणं, देवळात जाणं, संध्याकाळी पारावर बसणं, हे सगळं ते पूर्वीसारखं करतात. स्कोअर एक. त्यांच्याच वयाची, त्यांच्याइतकीच बरी झालेली एक बाई येते. तिची नेहमीची कामं म्हणजे आठ माणसांचा स्वयंपाक, धुणं, दोन म्हशी. डाव्या हाताला जोर नाही, म्हणून तिचा स्कोअर दोन. उलटंही घडतं, आणि ते जास्त घडतं. मुलाला विचारलं, "आई आधीसारखी कामं करते का?" तर तो म्हणतो, "करते की, भाकऱ्यासुद्धा थापते." एका हातानं परातीत पीठ मळायला तिला किती वेळ लागतो, दुसरा हात तव्यावर कितीदा पोळला, हे त्यानं पाहिलेलं नसतं. मी तिचा हात उलटा करून पाहिला तेव्हा डाग दिसले. मापनात ती ठणठणीत होती.

दुसरं एक मापन आहे, १९६५ सालचं, बार्थेल नावाचं. त्यात जेवण, आंघोळ, कपडे घालणं, संडास, जिना चढणं अशा दहा गोष्टींना गुण देतात, एकूण शंभर. कपडे घालता येतात का? पुरुषाला लुंगी गुंडाळता आली की आलं. आमची बाई नऊवारी सोडा, सहावारीसुद्धा एका हातानं नेसू शकत नाही, ब्लाउजचे हूक तर नाहीच. मग तिला गाऊन घालतात आणि गाऊन घालून ती दारापुढे येत नाही. म्हणजे कपड्यांचे गुण मिळाले आणि गल्ली गेली. संडासचंही तसंच. भारतीय पद्धतीच्या संडासात एका पायावर उकिडवं बसता येत नाही, म्हणून बायका पाणी पिणं कमी करतात. हे ज्यांनी मापन केलं त्यांच्या घरचं दुखणं नव्हतं, त्यांचा दोष नाही. पण आपण ते जसंच्या तसं उचललं, हा आपला आहे.

एकदा एका नवऱ्याला मी विचारलं, बायकोचं बोलणं कधीपासून बंद आहे? तो विचारात पडला. म्हणाला, "ती तशी कमीच बोलायची, मॅडम."

आता त्या 'आधारा'कडे येते. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. 'अटेंड' तिचं नाव, निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट पुरेसे नाहीत, तेव्हा घरच्याच एका माणसाला शिकवून त्याच्याकडून व्यायाम आणि पुनर्वसन करून घेतलं तर रुग्ण जास्त सुधारतील का, असा प्रश्न होता. अर्ध्या रुग्णांच्या घरच्यांना असं शिकवलं, उरलेल्यांना नेहमीची सेवा. सहा महिन्यांनी मोजलं तर दोन्हीकडे मेलेले किंवा परावलंबी झालेले सारखेच निघाले, ४७ टक्के. उपयोग झाला नाही.

डॉक्टरांच्या वर्तुळात यावर पुष्कळ चर्चा झाली. माझं वाचन थोडं वेगळं आहे आणि ते माझं एकटीचं आहे, चुकत असेन तर कळवा. दोन्ही गटांत घरचं माणूस राबतच होतं. एका गटात शिकवलेलं, दुसऱ्या गटात न शिकवलेलं. आधीच काठोकाठ भरलेल्या दिवसात आणखी एक काम ओतलं, तर ते वरून सांडणारच. चाचणी करणाऱ्यांनी काळजीवाहूवरचा भारही तपासला होता, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. पण 'घरच्यांकडून करून घ्या' हा सल्ला किती सहज दिला जातो पाहा. इंग्लंडच्या त्या जाहीर तपासणीत फिजिओथेरपिस्टनं रुग्णाला किती मिनिटं दिली, हेसुद्धा मोजतात. थेरपिस्टची मिनिटं मोजली जातात, कारण त्यांना पगार आहे. वहिनीची मोजली जात नाहीत.

सरकारी वेळ-वापर पाहणीनं ती थोडीफार मोजली आहेत. २०२४ च्या पाहणीत १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के जणी घरच्या कुणाची ना कुणाची देखभाल करत होत्या, दिवसाला सरासरी १४० मिनिटं. याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण साधारण २१ टक्के, ७४ मिनिटं. यात मुलांचं संगोपनही आलं आणि घरकाम तर वेगळंच. पक्षाघाताच्या घरात मात्र मिनिटांचा हिशेब लागतच नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री दहाला, बाराला, दोनला, चारला. हे डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत लिहिलेलं असतं : 'दर दोन तासांनी कूस बदलणे.' कर्ता नसलेलं वाक्य.

आणि रुग्ण बाई असेल तर? तेव्हाही खाटेशी सून किंवा मुलगीच असते. मुलगी सासरहून आलेली असेल तर तिला पंधरा दिवसांनी परत जावं लागतं. नवरे येत नाहीत असं नाही. बायकोला न्हाऊ घालणारे, तिची वेणी घालणारे दोन-चार पुरुष मी पाहिलेत आणि वॉर्डातल्या सगळ्या मावशी त्यांचं कौतुक करताना थकत नाहीत. सुनेचं कौतुक करताना त्यांना कधी ऐकलं नाही. पण एकट्या, टाकलेल्या, विधवा बायकांच्या फॉर्मवर मी 'नाही'भोवती गोल करते, तेव्हा पुढे काहीच घडत नाही. 'नाही' म्हटल्यावर काय करायचं, याचा फॉर्ममध्ये रकाना नाही. त्यांना कुठे पाठवायचं ते मी फोन करकरून शोधते, कधी मिळतं, कधी नाही.

तर मागच्या बैठकीत मी चार प्रश्न लिहून नेले. रुग्णाची मुख्य देखभाल कोण करणार, नातं आणि वय? त्यासाठी तिनं किंवा त्यानं कमाईचं काम, शिक्षण सोडलं का? तीन महिन्यांनी : तिला सलग किती तास झोप मिळते? तिची स्वतःची तब्येत कशी आहे? एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हा मेडिकल फॉर्म आहे, फॅमिलीचं नंतर बघू." मी म्हटलं, सर, देखभाल करणारी खचली की तुमचा स्कोअर तीनचा परत चार होतो, तेव्हा हे मेडिकलच आहे. हे त्यांना पटलं. मला मात्र बाहेर आल्यावर वाईट वाटत राहिलं. वहिनीची झोप महत्त्वाची ठरवायला मला बाबांच्या स्कोअरचा आधार घ्यावा लागला. ती नुसती वहिनीची झोप आहे म्हणून चाललं नसतं.

पहिला आणि तिसरा प्रश्न तूर्त प्रायोगिक म्हणून घेतलेत. तीन महिन्यांनंतरचा फोन मी स्वतः करते. त्यातल्या पहिल्याच फोनवर एका सुनेला विचारलं, "रात्री सलग किती तास झोप मिळते?" ती म्हणाली, "मामंजींना झोपेची गोळी दिली की चार-पाच तास लागते, ताई." मी म्हटलं, त्यांची नाही, तुझी. बराच वेळ फोनवर नुसता टीव्हीचा आवाज येत होता. मग तिनं विचारलं, "हे कशासाठी लागतंय?"

कशासाठी लागतंय, याचं उत्तर आपल्याला तयार ठेवावं लागेल. नुसतं विचारून सोडून देणं वाईट. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा अपंग व्यक्तींसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. सरकारनं आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत योजना करावी, असं त्यात म्हटलंय. त्या मर्यादेचा अर्थ कसा लावला जातो, ते तुम्ही जाणताच. पक्षाघातानं लुळी पडलेली व्यक्ती या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, हेच मुळात घरच्यांना माहीत नसतं. अपंगत्वाचा दाखला काढायला कुणी जात नाही. 'म्हातारपण आहे, चालायचंच' म्हणतात. आरोग्य विमा योजनांचा भरही मुख्यतः रुग्णालयातल्या मुक्कामावर आहे. घरी जाऊन व्यायाम करून घेणारं माणूस, हवेची गादी, रात्रीची चार तास बदली, यांची मागणी करायची तर आपल्या हातात आकडे हवेत. ते आकडे आमच्या फॉर्ममधून यायला वेळ लागेल. तुमच्याकडून लवकर येतील.

म्हणून या अंकासोबत एक कागद जोडला आहे. त्यावर ते चार प्रश्न आहेत आणि पाचवा माझ्या सहकारी मैत्रिणीनं सुचवलेला : 'तुम्ही शेवटच्या घराबाहेर कधी पडलात आणि कशासाठी?' आपल्या बचतगटात, वस्तीत, गावात ज्या घरात अंगावरून वारं गेलेलं माणूस आहे, तिथे जाऊन विचारा. देखभाल करणारा पुरुष असेल तर त्यालाही हेच विचारा, गाळू नका. रुग्ण बाई असेल तर तिलाही विचारा, तिचं बोलणं गेलं असलं तरी. मान हलवून, बोटानं दाखवून पुष्कळ सांगता येतं, फक्त घाई करू नका. नावं लिहू नका. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा. पुढचा अंक छपाईला जाण्याआधी महिनाभर कागद आमच्याकडे पोचले तर ते घेऊन मला फॉर्मच्या पुढच्या बैठकीला जाता येईल.

एक कागद आधीच आला आहे. तो वहिनीनं भरला आहे. पाचव्या प्रश्नापुढे तिनं लिहिलंय : 'औषधं आणायला. रोजच.'